चिठ्ठीतली श्रीमती

नातवाचं, ओमचं जावळ काढलं त्या साली, दसरा होऊन आठ-पंधरा दिवस झाले असतील, भात कापणीला आलं होतं आणि रिह्याच्या खोऱ्यात पिकल्या इंद्रायणीचा वास भरून राहिला होता, तेव्हा रविवारच्या गर्दीत एका अनोळखी बाईनं चंद्राबाईचा पिठाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तिला तिच्या नवऱ्याच्या मरणाबद्दल धीर दिला. बाई पुण्याची होती, मृण्मयी नावाची. बरोबरची माणसं तिला त्या नावानं हाका मारत होती. "तुमच्या मिस्टरांबद्दल वाचलं मी," ती हळू आवाजात म्हणाली. "एवढं होऊनही उभ्या राहिलात." चंद्राबाईला वाटलं, ही चुकून दुसऱ्याच कुणाच्या चुलीपाशी आली. पण बाई तिच्या कपाळाकडं टक लावून बघत पुढं म्हणाली, "आणि कुंकू सोडलं नाहीत. हे मला फार आवडलं. असंच पाहिजे." त्या वेळी हैबतराव मागच्या अंगाला लाकडं फोडत होते. कुऱ्हाडीचा आवाज स्वच्छ येत होता. बाईलाही तो येत असणार. चंद्राबाईनं तोंड उघडलं, पण तेवढ्यात बाईनं तिच्या खांद्यावर गाल टेकवून मोबाइलमध्ये फोटो काढला आणि ती पानावर जाऊन बसली. तिचा हात मऊ होता, गार होता, त्याला कसलंसं गोड वासाचं मलम चोपडलेलं होतं. तो वास पिठात उतरला. चंद्राबाईनं हातातला उंडा कुत्र्यापुढं टाकला. कुत्र्यानं हुंगला आणि सोडून दिला.

ही जागा शेखरची, तिच्या मुलाची. पुण्याकडच्या माण गावची त्यांची जमीन कंपन्यांच्या इमारतींखाली गेल्यावर उरल्या तुकड्यावर शेखरनं खोल्या बांधल्या, त्या नोकरदार पोरांना भाड्यानं दिल्या, आणि तो व त्याची बायको दिशा तिथंच राहिली. आईबाप रिह्याच्या शेतावर आले. मग शेखरच्या डोक्यात आलं, की संगणकावर बोटं चालवणाऱ्या माणसांना शनिवार-रविवार चुलीवरची भाकरी लागते. शेताच्या कडेला त्यानं चार कौलारू खोल्या उठवल्या, पुढं पडवी काढली, आणि वर पाटी लावली: चंद्राईची चूल. चंद्राबाईला कधी कुणी चंद्राई म्हटलेलं नव्हतं. ते नावसुद्धा तिला दुसऱ्याचं लुगडं नेसल्यासारखं वाटायचं, पण नव्या लुगड्याची खळ दोन धुण्यांत जाते तशी त्याची सवय झाली. सवय झाली नाही ती लोकांच्या खाण्याची. आलेली माणसं बोटं चाटायची, हाडं चोखून पानाच्या कडेला रचायची, आणि चोखता चोखताच म्हणायची, काय साधी माणसं आहेत हो ही. जाताना कागदाचे चुरगाळलेले रुमाल तेलानं पारदर्शक होऊन पडलेले असायचे. ते ती पूर्वीपासूनच दोन बोटांच्या चिमटीत धरून गोळा करायची. त्या रविवारनंतर ती ते चुलीच्या चिमट्यानं उचलू लागली.

पुढच्या शनिवारी दुसरी बाई तेच बोलली. मग एक म्हातारा तिच्या पाया पडला. शेवटी तिनंच एका पोरीला विचारलं, की बाई, तू हे कुठं वाचलंस, आणि पोरीनं मोबाइल तिच्या हातात दिला. काचेवर रश्श्याच्या बोटांचे ठसे होते. चंद्राबाईला वाचता येत होतं, जुळवत जुळवत. वर तिचाच फोटो होता. चुलीपुढं बसलेली ती, आणि फोटोच्या कडेला कुणाचं तरी नुसतंच कोपर. ते कोपर तिनं ओळखलं. तो फोटो काढला तेव्हा हैबतराव तिच्या शेजारी बसले होते. त्यांना कापून टाकलं होतं, कोपर तेवढं राहून गेलं होतं. खाली लिहिलं होतं: श्रीमती चंद्राबाई हैबतराव. आणि त्याच्याखाली, पतीच्या निधनानंतर एकटीनं हिमतीनं चूल पेटवली, असं काहीबाही. तिनं पुढचं वाचलं नाही. ती पहिल्याच शब्दावर थांबली होती.

तिकडं माणला, तरण्या वयात, ती साक्षरतेच्या वर्गाला गेली होती. देवळाच्या सभामंडपात कंदिलाभोवती बायका बसायच्या, हसायच्या, पाटीवर थुंकून पुसायच्या. शिकवायला रत्नाबाई म्हणून होत्या, करड्या आवाजाच्या. त्या म्हणाल्या, आधी स्वतःचं नाव. आणि नावाच्या आधी सौ. लिहायचं, नवरा जिवंत आहे ना तुझा, मग? चंद्राबाईला त्या स ची गाठ जमेना. पेन्सिल घसरायची, गाठ उघडी राहायची. घरी दाराशी बसून ती तेच एक अक्षर गिरवत होती, तेव्हा हैबतराव बैल बांधून आले आणि वाकून बघत बसले. त्यांना वाचता येत नव्हतं, पुढंही आलं नाही. काय लिवलंय म्हणून त्यांनी विचारलं. तिनं सांगितलं, की हे अक्षर म्हणजे तुमी. त्यांना फार मौज वाटली. "म्हंजे तुझ्या नावाम्होरं मी उभा हाय तर," ते म्हणाले. "दारवान." त्यानंतर कुठल्याही कागदावर तिचं नाव दिसलं, की ते बोटानं पुढचा शब्द दाखवून विचारायचे, हा मीच ना. आणि श्रीमती म्हणजे काय, ते गावातल्या कुणाला सांगावं लागत नव्हतं. लग्नपत्रिकेत ज्या बाईच्या नावापुढं श्रीमती, तिनं हळदीच्या वेळी पुढं यायचं नसतं, एवढं लहान पोरींनाही ठाऊक होतं.

तो मजकूर कौस्तुभनं लिहिला होता. माणच्या खोलीत राहणारा, परभणीकडचा, कंपनीतला मुलगा. पोरगा सालस होता, चंद्राबाईला काकू म्हणायचा आणि आला की आधी पाणी स्वतः घ्यायचा. शेखरला वेबसाइट त्यानंच नुकतीच करून दिली होती. तिनं विचारलं तेव्हा त्याचा चेहरा खरोखर पडला. त्याची आई तिकडं शाळेत शिक्षिका होती, वडील चांगले हिंडतेफिरते होते, आणि शाळेच्या फळ्यावर आईचं नाव श्रीमती म्हणूनच लिहिलेलं असायचं. त्यानं मान द्यायला म्हणून तो शब्द घातला होता. पुढचं त्यानं लिहिलंच नव्हतं. त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला. वेबसाइटला दोन तोंडं असतात, काकू, तो म्हणाला, एक माणसांना दिसतं ते, आणि एक मागं, मशीननं वाचायचं. मागं एक चिठ्ठी असते. तिच्यात खण पाडलेले असतात: जागेचं नाव, गाव, कुणी सुरू केलं, कधी केलं, त्या माणसाचं कोण कोण, जन्म कधी, मृत्यू कधी. गुगल काय, दुसरी मशीन काय, ती चिठ्ठी वाचतात आणि विचारेल त्याला तेच सांगतात. त्याला स्ट्रक्चर्ड डेटा म्हणतात. ती चिठ्ठी हल्ली कुणी हातानं लिहीत बसत नाही. संगणकात एक मदतनीस असतो, एआय, त्याला सांगितलं की तो लिहून देतो. श्रीमती हा शब्द बघून त्यानं ओळखलं असणार, की नवरा नाही. जागा दोन हजार एकोणीसला सुरू झाली असं खाली होतं, म्हणून त्यानं मरणाच्या खणात एकोणीस साल भरलं. आणि मग वरचा मजकूरही त्याला जुळेल असा केला. मी नीट बघायला पाहिजे होतं, कौस्तुभ म्हणाला.

"त्यानं तुला इचारलं न्हाई, माणूस हाय का गेला?"

"तो विचारत नाही, काकू. समजून घेतो."

समजून घेतो. हे शब्द तिच्या जिभेवर कित्येक दिवस राहिले, तोंडात केस आल्यासारखे. कौस्तुभनं तिच्यासमोरच त्या मदतनिसाला चूक सांगितली होती. त्यानं लगेच माफी मागितली, तुम्ही अगदी बरोबर आहात म्हणाला, आणि सुधारून दिलं: सौ. चंद्राबाई, आणि शेजारी दिवंगत पती हैबतराव. त्याला पुन्हा सांगितलं, त्यानं पुन्हा माफी मागितली. न लाजता, न अडखळता, इतकी चटकन. चंद्राबाईला त्या माफीचीच शिसारी आली. तिच्या आयुष्यात माणसं माफी मागायला वर्ष वर्ष घेत, काही तर तशीच मरून जात, आणि त्या न मागितलेल्या माफीलाही एक वजन असायचं. तिसऱ्या खेपेला ती चिठ्ठी नीट झाली, पण कौस्तुभनं ती वर चढवायच्या आधी शेखरला फोन केला. मालक तो होता. आणि शेखर म्हणाला, थांब जरा.

तो संध्याकाळी आला आणि पडवीत आईसमोर बसून तिला पटवू लागला. चूक आहेच, कोण नाही म्हणतंय. पण लोकांना ही गोष्ट भावली आहे. जेवायला आधी दोन पंगती बसायच्या, आता खोल्या डिसेंबरपर्यंत भरल्या आहेत. लोक येतात ते बाईच्या हिमतीवर येतात. मधूनच गोष्ट बदलली तर फसवल्यासारखं वाटेल त्यांना. "सीझन जाऊ दे, आई. जानेवारी लागला की बदलतो. एक शब्द तर हाय." ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याच्या हनुवटीवर बापासारखीच खळी होती. ही खळी कुणाची, हे तो आरशात बघताना विसरत असेल का, असं तिच्या मनात आलं. बोलला तो हळू, गोडीनं, एकदाही आवाज न चढवता, आणि तेच तिला बुळबुळीत लागलं, ओल्या साबणावर पाय पडावा तसं. मग तो मागं बापाकडं गेला. आण्णांनी शनिवार-रविवार जरा मागंच, रिकाम्या गोठ्यात बसावं, माणसं गोंधळतात, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

हैबतराव चिडतील असं तिला वाटलं होतं. तिला तेच हवं होतं. ते हसले. "मेल्याली माणसं कुटं बसत्यात, मला काय ठावं न्हाई बाबा," ते म्हणाले, "तू म्हणतोस तितं बसतो." आणि त्यांना त्या खेळाची गोडीच लागली. शनिवारी सकाळी ते खुर्ची उचलून गोठ्यात न्यायचे, रेडिओ बारीक लावायचे, आणि ती मागून गेली की पुकारायचे, बाईसाहेब, मढ्याला च्या मिळंल का. पहिल्यांदा तिलाही हसू फुटलं. नंतर त्या हसण्याचा तिला विटाळ वाटू लागला. नवऱ्याचं जेवण ती मागच्या दारानं पाठवी, जसं परक्या माणसाला पाठवावं. एकदा लोटाभर पाणी घेऊन ते पुढं आले आणि एका पाहुण्यानं त्यांना अडवून विचारलं, काका तुम्ही कोण. हैबतरावांनी चुलीकडं बघितलंसुद्धा नाही. मी गडी हाय, म्हणाले, हितं कामाला हाय. पाहुण्यानं त्यांचाही फोटो काढला. चंद्राबाईच्या हातातली भाकरी तव्यावर काळी झाली. गर्दी ओसरल्यावर ती गोठ्यात गेली आणि तिनं विचारलं, की तुमच्या तोंडून आलं कसं हे. ते खाली बघून दाढी खाजवत राहिले. "पोराचं चाललंया, तर चालू दे की," ते म्हणाले. "मी काय खराच मेलोय व्हय?" त्यांच्या अंगाला गोठ्यातल्या जुन्या शेणाचा, कोंदटलेला वास येत होता. चाळीस वर्षांत तिला त्यांच्या वासाची किळस आली नव्हती. त्या दिवशी आली, आणि किळस आल्याचीच भीती वाटली.

तिच्या आईचं कुंकू पुसलं तेव्हा ती सात-आठ वर्षांची असेल. बाप ज्या दिवशी गेला, त्या दिवशी बायका आईला ओढ्यावर घेऊन गेल्या. त्यांच्यात एक म्हातारी होती, मिश्रीनं बोटं काळी झालेली. तिनं पदराच्या टोकाला थुंकी लावली आणि आईचं कपाळ घासलं. कुंकू निघालं, पण खाली गोंदण होतं, हिरवी टिकली, ते निघेना. म्हातारी घासतच राहिली. चंद्राबाईला अजून त्या घासण्याचा ठेका आठवे, ओला, चिकट. आई डोळे मिटून बसली होती, रडतही नव्हती. पुढं आयुष्यभर आईनं कपाळ झाकण्यापुरता पदर पुढं ओढला, गोंदण दिसू नये म्हणून. आपण मरायच्या आधी आपल्यावर ही वेळ येऊ नये, एवढंच मागणं चंद्राबाई देवाकडं मागत आली होती. दुसरं काही विशेष मागितलं नव्हतं. आणि आता तिला कळत होतं, की ती वेळ आलीसुद्धा. कुणी ओढ्यावर नेलं नाही, कुणी बांगडी फोडली नाही. रविवारी रविवारी मऊ हाताच्या बायका येत होत्या आणि कपाळाकडं बघून, वा म्हणून, थोडं थोडं पुसून जात होत्या. आरशासमोर कुंकू लावताना तिचं बोट थबकू लागलं. हे आता तिच्या नवऱ्याचं राहिलं नव्हतं. ते त्यांना आवडलेलं कुंकू होतं. लावलं तर तिचं धाडस, न लावलं तर नवरा खरंच मेलेला.

आणि यातलं सगळ्यांत ओंगळ म्हणजे, एका रविवारी कुणीतरी धीर द्यायला लागलं तेव्हा तिची मान आपोआप खाली गेली. नाही बाई, ते मागं बसलेत, असं तिनं त्या आधी चार-दोन जणांना सांगून बघितलं होतं. ते गोंधळायचे, मोबाइल बघायचे, पुन्हा तिच्याकडं बघायचे, आणि म्हातारीला भ्रम झाला असावा अशा चेहऱ्यानं तिचा हात थोपटायचे. मोबाइल खोटं सांगतो हे त्यांना सुचतच नव्हतं.  म्हणून त्या दिवशी मान खाली घालून तिनं ते सांत्वन घेतलं, जसं कुणाच्या पानातलं उष्टं घ्यावं, आणि क्षणभर तिला बरं वाटलं. तेवढ्या क्षणापुरती ती खरोखरच श्रीमती होती. मग मोरीत जाऊन तिनं घशात बोट घातलं, पण नुसतं आंबट पाणी आलं.

शनिवारी ती चुलीपुढं बसलीच नाही. दिशा काखेत पोर घेऊन आली, विनवू लागली, शेखरचे फोनवर फोन आले. चंद्राबाई भिंतीला टेकून बसली आणि म्हणाली, आधी माझं सौ. लावा. शेखर गाडी घेऊन आला, बरोबर कौस्तुभलाही आणलं. पाहुणे पडवीत भुकेले बसले होते. शेखरनं हात जोडले, आईसमोर असे त्यानं कधी जोडले नव्हते. जानेवारीची एक तारीख, आई, आण्णांची शपथ. मागल्या दारात हैबतराव उभे होते, त्यांनीच तिला खुणावलं, जा म्हणून. ती उठली. उठताना तिला वाटलं, की या घरात आपण एकटीच त्यांना जिवंत ठेवायला धडपडतो आहोत, आणि तेसुद्धा आपल्या बाजूनं नाहीत. कौस्तुभ खाली मान घालून उभा होता. त्याच्याकडं सुधारलेली चिठ्ठी तयार होती, नुसती चढवायची होती, त्याला एक बोट टेकायला लागलं असतं. त्यानं टेकलं नाही.

डिसेंबरातल्या एका रविवारी फार गर्दी होती. हवा गार होती, ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं, म्हणून लोक पानं उचलून खळ्यातही बसले. चंद्राबाईनं मागं ताट पाठवलं, भाकरी, वरण, मिरचीचा ठेचा. नंतर रिकामं ताट आलं नाही, पण मागून हाक आली नाही म्हणून तिनंही चौकशी केली नाही. पंगतीवर पंगत उठत होती. एक पाहुणा फोनवर बोलायला गोठ्याकडं गेला आणि परत येऊन सहज म्हणाला, तुमचा गडी मस्त झोपलाय. कुणीतरी हसलं. चंद्राबाईच्या हातात तेव्हा उंडा होता, तो तिनं थापला, तव्यावर टाकला, उलटला, फुगेपर्यंत थांबली. तिला उठायचं होतं. पण उठायचं म्हणजे पंधरा माणसांसमोरून गोठ्यात जायचं, आणि गड्याकडं मालकीण कशाला जाते आहे, हे कुणीतरी विचारणार. तिनं ती भाकरी वाढली. मग आणखी एक थापली. सगळे गेल्यावर ती मागं गेली. रेडिओ चालू होता. भाकरीचा एक तुकडा मोडलेला होता, वरणावर साय धरली होती आणि सायीवर माशी बसली होती. हैबतराव खुर्चीत होते, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. हात लावला तर गार लागले. किती वेळ झाला, ते कुणालाच सांगता आलं नाही. तिनं आधी माशी हाकलली.

बायका आल्या, त्यांनी जे करायचं ते केलं. चंद्राबाई स्वस्थ बसून होती. कपाळावरून हात फिरला तेव्हा तिला काही वाटलं नाही. तिथं पुसण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. दहावा झाला, तेरावा झाला. चौदाव्या दिवशी कौस्तुभ आला. त्याचे डोळे सुजले होते. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो शेखरला म्हणाला, चिठ्ठीत एकोणीस साल आहे, ते चुकीचं आहे, बदलतो. शेखरनं डोक्याचा गोटा केला होता, त्यावरून त्यानं हात फिरवला. त्यालाही रडू येत होतं, ते चंद्राबाईला दिसत होतं, आणि तरी तो बोलला.

"राहू दे रं आता. काय बदलायचं राहिलं? श्रीमती हायच की."

चंद्राबाई त्याच्याकडं वळली नाही. त्याच्या हनुवटीकडं बघवलं नसतं तिला. ती कौस्तुभच्या शेजारी जाऊन बसली, इतकी जवळ, की काचेचा उजेड तिच्या पांढऱ्या कपाळावर पडला. मरणाचा खण कुठला, म्हणून तिनं विचारलं. त्यानं बोटानं दाखवला.

"मदतनिसाला सांगू नगंस," ती म्हणाली. "तुझ्या हातानं लिव. मी सांगते."

तो लिहू लागला. ती एकेक शब्द मोठ्यानं सांगत होती, रत्नाबाईंच्या वर्गात वाचायची तसा, प्रत्येक अक्षरावर थांबत, आणि शेखर उठून बाहेर निघून गेला तरी ती थांबली नाही.

हैबतराव धोंडिबा, राहणार रिहे, तालुका मुळशी, मार्गशीर्ष वद्य दशमी, रविवार, चौदा डिसेंबर दोन हजार पंचवीस रोजी दुपारी वारले. त्याआधी ते जिवंत होते.